स्ट्रीमिंग संकेतस्थळे मायक्रोफोनमधून आपले बोलणे ऐकतात, याला पुरावा आहे का?

शोधयात्री:
गेल्या आठवड्यात जेवताना आम्ही सायकलवरून लांबच्या प्रवासाला जाण्याविषयी बोलत होतो आणि लॅपटॉप शेजारीच उघडा होता. त्याच रात्री चित्रपटांचे संकेतस्थळ उघडले, तर पहिल्याच ओळीत सायकलस्वारांवरचा माहितीपट सुचवलेला. पुढे दोन दिवसांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक निरोप फिरत आला: अशी संकेतस्थळे मायक्रोफोन व कॅमेरा गुपचूप चालू ठेवतात आणि हे आता ‘सिद्ध झाले आहे’. कोणी सिद्ध केले, केव्हा, कसे, याचा त्यात अवाक्षरानेही उल्लेख नाही. माझा त्यावर विश्वास बसत नाही, पण स्वतः अनुभवलेले झटकूनही टाकता येत नाही. वडिलांनी तर कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

तारायंत्र:
ब्राउझरमध्ये उघडलेल्या संकेतस्थळाला आपल्या परवानगीविना मायक्रोफोन सुरू करता येत नाही. तशी चौकट समोर येते आणि आपण होकार द्यावा लागतो. मात्र एकदा दिलेला होकार काही ब्राउझर लक्षात ठेवतात, म्हणून पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर क्लिक करून त्या संकेतस्थळाला कोणकोणत्या परवानग्या दिलेल्या आहेत, हे आधी पाहावे. त्याहून खोलात जायचे असल्यास ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील (संकेतस्थळ आतून तपासण्याच्या साधनांमधील) नेटवर्कचा भाग, जिथे ये-जा करणारी माहिती दिसते, तो उघडून चित्रपट चालू करावा. चित्रफितीचे तुकडे एकामागून एक खाली उतरताना दिसतील, आणि अधूनमधून लहानशा नोंदी वर, म्हणजे कंपनीकडे, जातील: आपण कितव्या सेकंदाला आहोत, कुठे थांबवले, चित्राचा दर्जा कोणता. अर्धवट सोडलेला चित्रपट दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होतो, तो अशा नोंदींमुळेच.

ॲप्सची गोष्ट वेगळी असल्याने तीही सांगतो. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली. लपूनछपून आवाज टिपून बाहेर पाठवणारे एकही ॲप त्यांना आढळले नाही, पण पडद्यावरील हालचालींचे चित्रण तिसऱ्याच कंपनीकडे पाठवल्याचे मात्र आढळले. ही चाचणी स्वयंचलित होती, त्यामुळे ‘असे कधीच घडत नाही’ असा निष्कर्ष तिच्यातून काढता येणार नाही. पण ‘सिद्ध झाले आहे’ म्हणणाऱ्याने यापेक्षा भक्कम काहीतरी दाखवायला हवे.

उंबरठा:
कंपन्यांना इतक्या सहज सोडू नये, असे मला मनापासून वाटते. व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीच्या सुमारे १ कोटी १० लाख टीव्ही संचांतून, पडद्यावर काय चालू आहे याची सेकंदासेकंदाची माहिती प्रेक्षकांना स्पष्टपणे न विचारता गोळा होत होती, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचे हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने) केला आणि २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. लोक संशय घेतात, तो काही हवेतून येत नाही.

तारायंत्र:
आपले म्हणणे रास्त आहे, आणि मला वाटते की दावा कसा मांडावा हे याच प्रकरणातून शिकता येते. त्यात कंपनीचे नाव आहे, काळ आहे, संचांची संख्या आहे आणि माहिती कोणत्या मार्गाने जात होती तेही आहे: पडद्यावरील चित्राचे ठिपके ओळखीच्या चित्रपटांशी व कार्यक्रमांशी ताडून पाहिले जात होते. त्यासाठी मायक्रोफोनची गरजच नव्हती. आपण काय पाहतो, केव्हा, किती वेळ, यावरूनच आपल्याविषयी पुष्कळ कळते. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये शिफारशी सुधारण्याच्या स्पर्धेसाठी, प्रेक्षकांनी चित्रपटांना दिलेली गुणांकने नावे वगळून खुली केली, तेव्हा टेक्सास विद्यापीठातील दोन संशोधकांनी दुसऱ्या संकेतस्थळावरील जाहीर गुणांकनांशी ती जुळवून काही व्यक्ती ओळखून दाखवल्या. निरोपातील कल्पित मायक्रोफोनकडे सगळे बघत बसले, की ही खरी, कागदोपत्री असलेली गोष्ट नजरेआड होते, आणि मला खरी चिंता त्याची वाटते.

शोधयात्री:
मनःपूर्वक आभार. परवानग्या तपासल्या, मायक्रोफोनला होकार दिलेला नव्हता. त्याच खात्यावरून माझ्या भावाने आदल्या आठवड्यात सायकल शर्यतींवरची मालिका पाहिली होती, हे पाहण्याच्या इतिहासात दिसले. शिफारस त्यामुळेच आली असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण जेवतानाच्या बोलण्यापेक्षा हे कारण अधिक संभवनीय वाटते. ग्रुपवर निरोप पाठवणाऱ्या काकांना मूळ स्रोत विचारला आहे. वडिलांची चिकटपट्टी तशीच राहू दिली. तिने काही बिघडत नाही. आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये पाहण्याची नोंद बंद करण्याचा पर्याय कुठे आहे, तो शोधतो आहे.