मोरोक्कोतल्या फेझ शहरात एका मुक्कामात काय दिसणार, कप्पाळ?

पायपीट:
काल कुणीतरी लिहिलंय, ‘फेझ म्हणजे वास आणि बोळ. एक मुक्काम पुरे, उरलेला वेळ माराकेशला द्या.’ वाचून डोकंच फिरलं. बाब बूजलूद वेशीतून जुन्या शहरात शिरायचं, चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवर चढायचं, नाकाशी पुदिना धरून कातडी कमावायच्या शुवाराच्या कुंडांचे फोटो काढायचे की चालले बसकडे! वास येणारच हो. कातडी चुन्यात आणि कबुतरांच्या विष्ठेत भिजवतात, तेव्हा कुठे मऊ पडतात. अत्तर शिंपडायचं का तिथे? बू इनानिया मदरशाच्या चौकात जरा टेका. खाली रंगीत झेलिज, म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या फरशा, वर कोरीव गिलावा, त्याच्यावर देवदाराचं लाकूड. नजर वर चढतच राहते. फेझचं जुनं शहर १९८१ साली जागतिक वारशात घेतलं ते उगाच नाही. पण टूरवाल्यांना सात दिवसांत अख्खा मोरोक्को ‘कव्हर’ करायचा असतो ना!

मुळामुठा:
ते वाक्य माझंच, आणि अजूनही तेच म्हणेन. सासूबाईंचे गुडघे दुखतायत, बोळ उताराचा, मागून ‘बालाक! बालाक!’ म्हणजे ‘बाजूला व्हा!’ करत खेचरं येतायत. चिकटा भिंतीला! दर वळणावर पोरं ‘पुढे रस्ता बंद’ सांगून काकाच्या दुकानात नेतात. एवढं करून करावियीन मशिदीत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही. म्हणे ८५९ साली स्थापना, जगातलं सर्वांत जुनं विद्यापीठ. दारातून डोकवायला एवढ्या लांब गेलो?

शंकासुर:
सर्वांत जुनं? नालंदा पाचव्या शतकातलं आहे.

पायपीट:
अखंड चालू असलेलं सर्वांत जुनं, असं म्हणतात. नालंदा बंद पडलं.

शंकासुर:
बंद पडलं नाही, पाडलं. नीट लिहा.

जुनाबाजार:
भांडा! करावियीन सरकारी विद्यापीठ झालं १९६३ ला. त्याआधी मशीद आणि मदरसा. इटलीतलं १०८८ चं बोलोन्या विद्यापीठ मिरवणारे तर तुम्हा दोघांनाही मोजत नाहीत.

शंकासुर:
गोऱ्यांचं प्रमाणपत्र आणलंत, वा! तक्षशिला काढू का आता?

गवतीचहा:
नको, प्लीज. मशीदबंदीचं खापर फेझवर फोडू नका. १९१२ मध्ये फ्रेंच अंमल आला, तो नियम त्यांच्या तिथल्या मुख्य कारभाऱ्याचा, ल्योतेसाहेबाचा. कासाब्लांकाच्या हसन दुसरे मशिदीत तिकीट काढून जाता येतं. आणि आपण कुणाला बोलतोय? पुरीला माझ्या जर्मन मैत्रिणीला जगन्नाथाच्या दारातच थांबवलं. मी दर्शन घेऊन आले तोवर ती उन्हात माझ्या चपला सांभाळत उभी होती.

मुळामुठा:
बरं बाई, ल्योतेला शिव्या घालते. बू इनानिया सुंदर आहे, मान्य; पायऱ्या कमी असत्या तर आणखी सुंदर दिसलं असतं. शाकाहारी माणसाने खायचं काय, ते मात्र एकही विद्वान सांगत नाही.

जुनाबाजार:
बिसारा. सुक्या बाकल्याची दाट आमटी, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. शिवाय झालूक, म्हणजे वांग्या-टोमॅटोचं भरीतच. हरीरा सूप विचारून घ्या, बहुतेकदा मटणाचा रस असतो.

मुळामुठा:
आम्ही श्रावणात गेलो होतो. सासूबाई चातुर्मासात वांगं खात नाहीत.

पायपीट:
धन्य आहे!