मध्यम आकाराच्या फाउंड्रीने या वर्षी ईआरपीचा प्रकल्प हाती घ्यावा का?

धागाकर्ता : वितळणघर

शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी वित्तविभाग पाहतो. हिशेब टॅलीत, उत्पादनाचे आकडे एक्सेलमध्ये आणि उरलेले सगळे फोरमनच्या वहीत, अशी आमची व्यवस्था आहे. संचालकांपुढे सध्या संपूर्ण ईआरपीचा, म्हणजे सगळे विभाग एकत्र जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रस्ताव असून माझे मत त्याच्या विरोधात आहे. कारणे मांडतो, खोडून काढावीत.

आकडे गोल करून देतो. सुरुवातीचा खर्च 30 लाख, देखभाल वर्षाला 4 लाख आणि विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे लाभ वर्षाला 14 लाख. निव्वळ 10 लाख उरतात, म्हणजे तीन वर्षांत पैसे वसूल. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचा व्याजदर 11 टक्के धरला, तर पाच वर्षांच्या या निव्वळ लाभाचे आजचे मूल्य (पुढे मिळणाऱ्या पैशांतून व्याज वजा करून येणारी आजची किंमत) सुमारे 37 लाख येते आणि प्रस्ताव फायद्याचा दिसतो. आता लाभ तेवढाच ठेवा, पण तो एक वर्ष उशिरा सुरू झाला असे धरा. देखभालीचे पैसे पहिल्या वर्षापासून द्यावेच लागतात, त्यामुळे तेच मूल्य सुमारे 24 लाखांवर उतरते आणि प्रकल्प तोट्यात जातो. लाभ निम्माच निघाला, तर वसुलीला तीनऐवजी दहा वर्षे लागतील. एका वर्षाच्या उशिराने ज्याचा निकाल फिरतो, त्या प्रस्तावावर सही करण्याआधी 14 लाख हा आकडा आला कुठून, हे विचारायलाच हवे.

त्यातला मोठा वाटा ‘रिजेक्शन घटेल’ या एका वाक्यातून आला आहे. आमच्याकडे ब्लोहोल, म्हणजे नगाच्या आत वायूने पडलेले छिद्र, बहुतेक वेळा ओतकामाच्या दिवशी दिसत नाही. बाहेर मशिनिंग करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याच्या लेथवर वरचा थर निघाला की दिसतो. सदोष मालाची रक्कम कापणारी डेबिट नोट हाती पडेपर्यंत महिना उलटलेला असतो आणि तो नग कोणत्या हीटचा (भट्टीच्या कोणत्या घाण्याचा) होता, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण फेटलिंगमध्ये, म्हणजे नग साफ करताना, दोन-तीन हीटचे नग एकाच ढिगात पडतात. जो क्रमांक नगावर उमटलेलाच नाही, तो सॉफ्टवेअर कुठून आणणार?

खतावणी

धागाकर्त्यांचे गणित बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. प्रकल्प न करण्याचा खर्च त्यांनी शून्य धरला आहे. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची) मर्यादा 1 ऑक्टोबर 2020 रोजी 500 कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि 1 ऑगस्ट 2023 पासून ती 5 कोटींवर आली. खासगी मर्यादित कंपनी असाल, तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे बंधनकारक आहे. सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत दिले नाहीत, तर आयकर कायद्याप्रमाणे तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. या प्रत्येक बदलाच्या वेळी एक्सेलमध्ये आणखी एक पान वाढते आणि ते भरणारा माणूस तोच असतो. तो नोकरी सोडून गेला, तर काय होईल, याचे आजचे मूल्य कोणी काढले आहे का?

वितळणघर

खतावणी साहेब, तुम्ही सांगितलेली तिन्ही कामे हिशेबाची आहेत आणि ती हिशेबाच्या सध्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. कायद्याचे बोट धरून उत्पादन, भांडार, देखभाल आणि मनुष्यबळ असे सगळे विभाग एकदम आत आणायचे, याला माझी हरकत आहे. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने 1999 मध्ये नेमके हेच केले होते. तीन प्रणाली एकाच वेळी, त्याही हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर सुरू केल्या. गोदामात माल होता, पण सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डर वेळेत पोहोचवता आल्या नाहीत.

निवृत्त प्रणालीकार

हर्शीचे उदाहरण देणारे पुढची गोष्ट सहसा सांगत नाहीत. त्याच कंपनीने 2002 मध्ये त्याच प्रणालीची नवी आवृत्ती सुरळीतपणे बसवली. उत्पादक तोच आणि कंपनीही तीच. फरक वेळापत्रकात आणि चाचण्यांत होता. म्हणून त्या उदाहरणातून ‘करू नये’ असा निष्कर्ष निघत नाही, ‘हंगामाच्या तोंडावर सगळे एकदम करू नये’ एवढाच निघतो.

माझ्या मते अधिक बोलके उदाहरण लिडल या जर्मन किराणा साखळीचे आहे. त्यांनी 2011 मध्ये सुरू केलेला प्रकल्प 2018 मध्ये गुंडाळला; तोवर सुमारे 50 कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. त्या बातम्यांनुसार लिडल साठ्याचे मूल्य खरेदीच्या किमतीवर धरत असे आणि घेतलेली प्रणाली मुळात विक्रीच्या किमतीवर बेतलेली होती. कंपनीने आपली पद्धत सोडली नाही, प्रणालीच वाकवत नेली. तुमच्या फाउंड्रीतही असा प्रश्न येईल. रनर-रायझरचे, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटांत गोठून उरलेले, परतीचे लोखंड तुम्ही कोणत्या भावाने भट्टीत परत घेता? ते प्रत्येक हीटला वजन करून घेता, की महिनाअखेरीस अंदाजाने लिहिता? याचे उत्तर विक्रेत्याच्या माणसाला बसवून त्याच्यासमोर द्या आणि प्रणालीत ते जसेच्या तसे बसते का, हे निविदेआधी पाहा. बसत नसेल, तर पद्धत बदलायची की प्रणाली, हे मालकाने ठरवायचे आहे, संगणक विभागाने नव्हे.

कागल हातकणंगले

मी कारखाना चालवणाऱ्यांपैकी आहे आणि ‘आधी शिस्त, मग सॉफ्टवेअर’ हा युक्तिवाद ऐकून कंटाळलो आहे. ती शिस्त आपोआप कधीच येत नाही. वहीत हीट क्रमांक लिहिला नाही म्हणून फोरमनचे काही अडत नाही. पण क्रमांकाशिवाय माल बाहेर पाठवायचे चलनच निघेना, तेव्हा तो मुकाट्याने नगावर उमटू लागतो. जॉबवर्कचेच घ्या. मशिनिंगला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असे जीएसटीत धरले जाते. कोणते चलन किती नगांनी उघडे आहे, हे वहीतून शोधायला बसले, की आयटीसी-04 हे जॉबवर्कचे जीएसटी विवरणपत्र भरायच्या आठवड्यात दोन माणसे दुसरे काहीच करत नाहीत.

वितळणघर

चलनाचा मुद्दा मान्य. मात्र त्यासाठी जॉबवर्कचा एक विभाग पुरतो, 30 लाखांचा संच लागत नाही. शिवाय क्रमांकाशिवाय चलन निघत नाही हे कळले, की ढिगातल्या नगांवर सर्रास एकच क्रमांक पडू लागतो. वहीतली रिकामी जागा निदान रिकामी दिसते. पडद्यावरचा खोटा क्रमांक खऱ्यासारखाच दिसतो.

निवृत्त प्रणालीकार

मग प्रकल्पाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याअखेरीस थांबण्याचा हक्क करारात लिहून घ्या. पहिल्या टप्प्यात फक्त ओतकाम ते जॉबवर्क ही साखळी असावी. सुरू करण्याआधी तीन महिने डेबिट नोटांची रक्कम दोषांच्या प्रकारानुसार हातानेच लिहून काढा, म्हणजे 14 लाखांच्या जागी तुमचा स्वतःचा आकडा येईल. टप्पा संपल्यावर लाभ दिसला नाही, तर आतापर्यंत गेलेल्या पैशांकडे पाहून पुढचा टप्पा मंजूर करू नका. हे वाक्य सगळ्यांना पाठ असते आणि संचालकांच्या बैठकीत कोणालाच आठवत नाही.

खतावणी

तुकडे करायला माझी ना नाही, पण विक्रेता दर पूर्ण संचाचाच देतो आणि तुकड्याने घेतले, तर परवान्याची सूट जाते. त्या सुटीचा आकडाही धागाकर्त्यांच्या गणितात यायला हवा.

वितळणघर

यावा की. थांबण्याच्या हक्काची ती किंमत समजून मी ती द्यायला तयार आहे. माझा एकच प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर प्रस्तावात नाही. प्रकल्पप्रमुख म्हणून आमच्या उत्पादन व्यवस्थापकांचे नाव लिहिले आहे. ते रोज सकाळी सातला भट्टीवर असतात आणि त्यांच्या हाताखाली दुसरा कोणी नाही. पुढचे आठ-नऊ महिने त्यांचा अर्धा दिवस या कामाला देणार असाल, तर मेल्टिंगकडे कोण पाहणार? त्या माणसाचा पगार 30 लाखांत कुठेही धरलेला नाही.

कागल हातकणंगले

तो धरा आणि गणित पुन्हा मांडा. त्यानंतरही आकडा उणे आला, तर या वर्षापुरता मी तुमच्या बाजूने.