मदत हवी आहे: १९७२ च्या शेवरोले नोव्हा गाडीत ४५४ इंजिन बसवतोय, मागच्या एक्सलचं काय करू?

नमस्कार मंडळी. मी ओहायोत असतो. माझ्याकडे १९७२ ची सहा सिलिंडरची शेवरोले नोव्हा आहे. जुन्या पिकअपचं ४५४ (घन इंचांचं मोठं व्ही-८) इंजिन टर्बो ४०० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट स्वस्तात मिळालं. एरवी रस्त्यावर चालवायची आणि अधूनमधून पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर) न्यायची, फार दिवसांची हौस आहे. १९७० पर्यंत कंपनीच नोव्हात ३९६ बिग-ब्लॉक (४५४ च्याच घराण्यातलं मोठं व्ही-८ इंजिन) देत होती, म्हणजे जागेचा प्रश्न नसावा. तरी काल हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) लावून पाहिला, तर स्टिअरिंग बॉक्सपाशी बोटसुद्धा जाईना! कोणता हेडर नीट बसतो? आणि खरी काळजी मागची: मूळचा दहा बोल्टचा एक्सल चिकट (जास्त पकड असलेल्या शर्यतीच्या) टायरवर टिकेल, की आत्ताच बारा बोल्टचा, जास्त मजबूत एक्सल शोधू? इंजिन आता जास्त जड, तर पुढच्या स्प्रिंगा तुम्ही कोणत्या घातल्यात? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.