बॅट लागली, अंपायरला कळलं नाही. मग चालू पडायचं की उभं राहायचं?

कपाशीवाला

आमच्या भागातल्या टेनिस बॉल स्पर्धेची फायनल झाली. गावाचं नाव लिहीत नाही, दोन्हीकडे सोयरे आहेत. शेवटच्या तीन ओव्हर उरल्या होत्या, पंचवीसेक धावा हव्या होत्या. सेट झालेल्या बॅट्समनच्या बॅटची कड घेऊन बॉल किपरच्या हातात गेला. अपील झालं, अंपायरनं मान हलवली. गडी जागचा हलला नाही. पिचवर बॅट ठोकली, मिडऑनकडे बघितलं आणि पुढच्या बॉलला तयार. मॅच त्यानंच काढली. रात्री पंगतीत मात्र सगळ्यांसमोर हसत म्हणे, "लागली होती बे, चांगली लागली होती."

माझं म्हणणं असं की अंपायर चुकला तर ती त्याची चूक, ती माफ. पण आपल्याला लागली हे पक्कं माहीत असून उभं राहणं याला लबाडीच म्हणतात. २००८ ची सिडनी कसोटी आठवा. ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स ३० वर असताना इशांतच्या बॉलवर मागे झेल गेला. अंपायर बकनरनं आऊट दिलं नाही. गडी नाबाद १६२ करून गेला आणि आपण १२२ धावांनी हरलो. सायमंड्सनं नंतर पत्रकारांसमोर कबूल केलं की लागली होती. तेव्हा आपल्याकडे बकनरचे पुतळे जाळले, पुढच्या पर्थ कसोटीतून त्याला काढायला लावलं, आणि सायमंड्सला तर चौकाचौकात चोर म्हटलं. मग तसंच करणारा आपल्या गावचा पोट्टा हुशार कसा झाला?

उलटा_सीमर

कपाशीवाले भाऊ, तुमची टीम हारली म्हून सुचून राहिलं का हे सारं?

अंपायर कायले उभा केला असते मंग? त्याचं काम त्यानं करावं, माह्यं काम म्या करावं. उद्या तोच अंपायर मले न लागता आऊट देते, तवा तुमच्या टीमचा किपर येऊन म्हनते का, "थांब भाऊ, तुले लागली नाई, वापस ये"? कधी पाह्यलं का असं? नाई नं. मंग वाचलो तं वाचलो. सालभरात हिशोब बराबर होऊन जाते.

हिंगणघाटचा_पाहुणा

हिशोब बरोबर होते हे म्हणायला सोपं आहे. आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमचीच गोष्ट घ्या. २९ जानेवारी २०१७, इंग्लंडसोबतची टी-ट्वेंटी. आम्ही चौघं स्टँडात होतो. शेवटच्या ओव्हरमध्ये त्यांना ८ धावा पाहिजे होत्या, रूट खेळत होता. बुमराहचा पहिलाच बॉल, एलबीडब्ल्यू, अंपायरनं बोट वर केलं. आम्ही खुर्च्यांवर चढून नाचलो. वर्धा रोडनं परत येताना ढाब्यावर टीव्हीत पाहिलं तर बॉल आधी बॅटला चांगला लागलेला. आपण ५ धावांनी जिंकलो. तेव्हा टी-ट्वेंटीत डीआरएस, म्हणजे रिव्ह्यू घेऊन अंपायरचा निर्णय टीव्हीवर तपासून मागायची सोय, नव्हता. रूटनं तोंड वाकडं केलं असेल, पण गेला निघून.

आता सांगा, त्या रात्री ढाब्यावर आमच्यापैकी एकानं तरी म्हटलं का की ही मॅच आपली नाही? उलट एक जण म्हणाला, सिडनीचा बदला झाला. अरे, सिडनी ऑस्ट्रेलियाशी होती, आणि हे इंग्लंड! पण हिशोब असाच असते आपला, वसुली कोणाकडूनही चालते.

आर्वीचे_मास्तर

वय झाल्यामुळे जुन्या गोष्टी सांगतो, सहन करा.

१९८० साली मुंबईत सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. आम्ही शाळेच्या ऑफिसात रेडिओला कान लावून बसायचो. इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत गेले होते. बॉब टेलरला मागे झेलबाद दिलं. कर्णधार विश्वनाथ स्लिपमध्ये उभे होते, त्यांना दिसलं की बॅट लागलेली नाही. त्यांनी अंपायरला सांगून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी मग १७१ धावांची भागी केली आणि आपण १० गड्यांनी हरलो.

सीमर, तू विचारलंस ना की दुसऱ्याला वापस कोण बोलावते? हे एक उदाहरण झालं. आणि चालू पडण्याचंही सांगतो. २००३ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, श्रीलंकेविरुद्ध. गिलख्रिस्टची कड लागून बॉल पॅडवर आदळला आणि संगकाराच्या हातात गेला. अंपायर कोर्टझन नाबाद म्हणत होते. गिलख्रिस्ट थांबलाच नाही, सरळ निघाला. त्याच ऑस्ट्रेलियाचा, ज्याला आपण उठता-बसता शिव्या देतो. इतक्या वर्षांनी लोकांच्या लक्षात काय राहिलं? विश्वनाथांचा मोठेपणाच ना?

उलटा_सीमर

मास्तर, पाया पडतो, पन त्या मॅचमधलं लोकाईले बोथमचं शतक अन् १३ विकेट आठवते.

मोर्शीची_लेगस्पिनर

मास्तरांच्या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट कोणी पाहत नाही. गिलख्रिस्टची टीममधली जागा पक्की होती. २०११ च्या विश्वचषकात चेन्नईला वेस्ट इंडिजविरुद्ध सचिन २ धावांवर स्वतःहून निघून गेला, अंपायरनं आऊट दिलेलंही नव्हतं. त्याचीही जागा कोणी काढून घेणार नव्हतं. ज्याच्या घरी दाणे भरले आहेत त्यानं दान करावं, कौतुकच आहे.

आता आमचं ऐका. मी तालुक्यातून जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायची. पहाटेची एसटी, डबा, आणि खेळायला मिळायच्या दोन ओव्हर. कधी तेवढ्याही नाही. एकदा पॅडला लागून गेलेल्या बॉलवर मला झेलबाद दिलं. सिलेक्टरनं वहीत शून्य लिहिलं, नाव पुकारलं, पुढची मुलगी. ज्या पोरीला वर्षात एकदाच बॅटिंग मिळते तिला तुम्ही सांगणार की कड लागली तर सभ्यपणे निघून जा? मी नसते गेले. आणि मला त्याची लाजही वाटली नसती.

पण याची दुसरी बाजूही सोडायची नाही. उभं राहायचं तर मग उलट निर्णयही गिळता आला पाहिजे. हरमनप्रीत माझी लाडकी बॅटर. जुलै २०२३ मध्ये ढाक्याला तिला आऊट दिलं तर तिनं बॅटनं स्टंप उडवले, आणि मॅच टाय झाल्यावर बक्षीस समारंभात अंपायरिंगवर तोंडसुख घेतलं. फोटोच्या वेळी म्हणे अंपायरांनाही बोलवा. बांगलादेशची कर्णधार निगार सुल्ताना आपली टीम घेऊन निघून गेली. हरमनला ७५ टक्के मॅच फी आणि दोन सामने भोवले. माझ्या मते कमीच भोवलं. अंपायरच्या चुकीचा फायदा घेताना "खेळाचा भाग", आणि तोटा झाला की "अन्याय", हे दोन्ही एका तोंडानं नाही बोलता येत.

कपाशीवाला

ताई, चाचणीचं मान्य. पोट लागलंय तिथं मी सभ्यतेचे धडे देणार नाही. पण आमच्या फायनलमध्ये कोणाची निवड होती? बक्षिसाची रक्कम पंगतीतच संपली.

आणि निवडीचाच प्रश्न म्हणता, तर स्टुअर्ट ब्रॉडचं काय? २०१३, ट्रेंट ब्रिज. ३७ वर असताना इतकी जाड कड की बॉल किपरच्या ग्लोव्हला लागून स्लिपमध्ये क्लार्ककडे गेला. अलीम दारला दिसलं नाही, ऑस्ट्रेलियाचे रिव्ह्यू संपलेले. ब्रॉड असा उभा जणू शेजारच्या शेतात काही झालं. ६५ करून गेला. इंग्लंड जिंकलं १४ धावांनी. त्यानं नंतर काढल्या २८. करा वजाबाकी.

उलटा_सीमर

मंग रिव्ह्यू वाया कायले घालवले त्याईनं? ज्याचे रिव्ह्यू शिल्लक नाई त्यानं रडू नये. अन् त्या ऑस्ट्रेलियात किती जन चालू पडत होते हो? पाँटिंगनं तं सचिन चालू पडला त्याच्या आदल्याच दिवशी पाकिस्तानसोबत कड लागल्यावर ठान मांडलं होतं. रिव्ह्यूनं काढला त्याले बाहेर. रडीचा डाव सारे खेळतात, पकडला गेला त्याचं नाव होते.

बिनपगारी_अंपायर

मी या भागात बरीच वर्षं अंपायरिंग करतो. ती फायनल माझी नव्हती, पण तशा खूप केल्या.

आधी एक सांगतो, टेनिस बॉलची कड ऐकू येत नाही. लेदर बॉल टक् करतो. टेनिस बॉल बॅटला चाटून जातो तेव्हा आवाज असा येतच नाही, आणि आला तरी बॅट जमिनीला घासल्यासारखा. त्यात माझे डोळे आधी बॉलरच्या पायाकडे, नोबॉल पाहायला. तिथून मान वर करेपर्यंत बॉल बॅटपाशी पोचलेला असतो. दिशा थोडी बदलली तर दिसते, नाहीतर किपरचं तोंड पाहायचं. आणि समालोचक भोंग्यावर "क्या बात है, क्या बात है" करत असतो, तेही बॉल चालू असताना. टीव्हीवाल्यांकडे कडेचा आवाज पकडणारं अल्ट्राएज असते. आमच्याकडे कान, तेही भोंग्यानं बसलेले.

आता मुद्द्यावर. सगळे बॅट्समनलाच धरून बसले, किपरचं कोणी बोललं नाही. जमिनीवर टेकलेला बॉल उचलून "आऊट" ओरडणारे मी शेकड्यानं पाहिले. ते खिलाडू का? आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये मात्र यात फरक करतात. २००३ ला मुलतानच्या कसोटीत पाकिस्तानचा कर्णधार आणि किपर रशीद लतीफनं अलोक कपालीचा सुटलेला झेल घेतला म्हणून सांगितलं. सामनाधिकारी प्रॉक्टरनं पाच वनडेची बंदी घातली. कड लागून उभ्या राहिलेल्या बॅट्समनवर अशी बंदी आलेली माझ्या तरी ऐकिवात नाही. का? कारण किपर अंपायरला खोटं सांगतो. बॅट्समन काहीच सांगत नाही. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यात मी तरी फरक करतो, कपाशीवाले दादा करत नाहीत.

त्याच कसोटीत बांगलादेशच्या रफीकनं काय केलं तेही ऐका. मॅच अगदी तोंडावर आलेली. नॉनस्ट्रायकर उमर गुल क्रीज सोडून पुढे गेला होता. रफीकनं धावबाद न करता नुसती ताकीद दिली. पाकिस्तान एका गड्यानं जिंकलं. बांगलादेश तोवर एकही कसोटी जिंकलेलं नव्हतं. मी अंपायर असतो आणि रफीकनं अपील केलं असतं, तर डोळे झाकून आऊट दिलं असतं. ते नियमातच आहे. दीप्ती शर्मानं लॉर्ड्सवर इंग्लंडच्या चार्ली डीनला असंच काढलं त्यात मला काही गैर दिसलं नाही. पण रफीकला मी मनातल्या मनात सलाम ठोकतो, तोही रोज.

आर्वीचे_मास्तर

अंपायरसाहेब, गप्प राहणं आणि खोटं बोलणं वेगळं, हे कोर्टात चालेल. अपील म्हणजे विचारणाच आहे. "कसं काय?" असं अकरा जण विचारतात, आणि ज्याला खरं उत्तर माहीत आहे तो एकटाच आकाशाकडे बघतो. वर्गात असा पोरगा मी बाकावर उभा केला असता.

उलटा_सीमर

म्हून तं तुमच्या वर्गातला एकबी पोट्टा रणजीले नाई गेला, मास्तर. 😄

आर्वीचे_मास्तर

तूही माझ्याच वर्गात होतास.

पंगतीतला_तोच

मीच तो. काल रात्रीपासून वाचून राहिलो.

पंगतीत बोललो, कारण कोणी विचारलं तर मी खोटं बोलत नाही. मैदानात कोणी विचारलं नव्हतं. किपरनं अंपायरले विचारलं, मले नाही. अन् कपाशीवाले भाऊ, मागच्या साली याच मैदानावर तुमच्याच टीमसोबत मी चाळीसच्या वर होतो. मांडीले लागून गेलेल्या बॉलवर मले आऊट दिलं. स्लिपमधून पहिला कोण ओरडला होता? मी गेलो मुकाट्यानं. बॅट आपटली नाही, अंपायरले शिवी दिली नाही. ताई म्हणते तेच मी पाळलं. दिलं तं गेलो, नाही दिलं तं राहिलो.

कपाशीवाला

स्लिपमध्ये मी होतो. मला आवाज आला होता, आणि आवाज आला की मी ओरडतो. तुला लागली नव्हती हे तुला माहीत होतं, मला नव्हतं. यंदा तुला माहीत होतं की लागली. दोन्ही वेळा खरं काय ते तुलाच ठाऊक. त्यातल्या एका वेळी तू काही करू शकत नव्हतास, दुसऱ्या वेळी करू शकत होतास. मी त्या दुसऱ्या वेळेबद्दल बोलतोय. तू शिव्या दिल्या नाहीस हे खरं आहे, ते मी चारचौघांत सांगेन. पण कप तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे, त्यावर मी टाळी वाजवणार नाही.

पंगतीतला_तोच

नका वाजवू. कपाचा एक कान तसाही तुटला आहे.

मोर्शीची_लेगस्पिनर

कपाशीवाले दादा, पुढच्या वर्षी तुमच्याच टीमचा शेवटचा गडी असा वाचला आणि दोन धावा हव्या असल्या, तर कर्णधार म्हणून बाहेरून हात करून त्याला परत बोलवाल का? हो की नाही, एवढंच सांगा.

कपाशीवाला

बोलवीन. तो येईल का, ते सांगू शकत नाही.

उलटा_सीमर

येनार नाई. मी ओळखतो त्याले. मीच हाय तुमचा शेवटचा गडी.

बिनपगारी_अंपायर

आयोजकांपैकी कोणी वाचत असेल तर पुढच्या फायनलला बॉलर रनअपवर असताना भोंगा बंद ठेवा. माइकवाल्याला मी दोनदा सांगून पाहिलं, तो म्हणतो देणगीदारांची नावं राहिली आहेत.