आतडी शांत आहेत, तरी पोट थांबत नाही. हे दुखणं पोटाचं की मनाचं, कसं ओळखता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, वय ४३, बँकेत नोकरी. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा होतात तो जुनाट आजार) होऊन ९ वर्षं झाली. औषधांबद्दल विचारायचं नाही, सूज आटोक्यात ठेवणारं मेसालामाइन नियमित सुरू आहे. विचारायचंय ते वेगळंच, म्हणून जरा लांबून सांगतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बाबा गेले. अस्थी घेऊन आम्ही रामटेकला, अंबाळा तलावावर निघालो. लाल कापडात बांधलेला कलश माझ्या मांडीवर. कन्हानचा पूल ओलांडला आणि पोटात असा मुरडा आला की गाडी थांबवावी लागली. कलश लहान भावाच्या हातात दिला आणि पेट्रोल पंपाच्या संडासाकडे धावलो. मनसरच्या अलीकडे पुन्हा तेच. तेरवीपर्यंत रोज आठ-दहा वेळा जावं लागत होतं. डोळ्यांत मात्र टिपूस नाही. मामा सगळ्यांना सांगत होते, "मोठा पोरगा खंबीर निघाला." मी मनात म्हणत होतो, रोग पुन्हा उसळून राहिला.

तपासण्या केल्या. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यात सूज असली की हे वाढतं) ३८, म्हणजे ५० च्या आत. दुर्बिणीतून पाहिलं तर अस्तर स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, रोग शांत आहे, पण वर्षानुवर्षं सूज राहिली की आतड्याच्या नसा हळव्या होतात, साध्या हालचालीचाही मेंदूपर्यंत गलका होतो. मग त्यांनी विचारलं, "वडील गेल्यानंतर कसं वाटतंय?" मी म्हणालो, "आठ वेळा, रक्त नाही, थोडी आव आहे." ते काही बोलले नाहीत. उत्तर चुकलं हे मला घरी आल्यावर बायकोने सांगितलं, तेव्हा कळलं.

त्यांच्याच सांगण्यावरून समुपदेशक ताईंकडे जातोय. त्यांनी २० प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतला आणि ॲलेक्सिथिमिया हा शब्द सांगितला. ग्रीकवरून बनवलेला शब्द आहे: भावनेसाठी शब्द नसणं. हा वेगळा आजार नाही, स्वभावाची ठेवण आहे, आणि पोटाच्या जुन्या दुखण्यात ती बऱ्याच जणांत दिसते, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं. आपल्याकडे भीती वाटली की पोटात गोळा येतो, वाईट वाटलं की पोटात कालवतं. बाकीच्यांसाठी हे नुसते वाक्प्रचार. माझ्या पोटात गोळा आला की मी आधी संडास कुठे आहे ते बघतो. सीताबर्डीला मेट्रो बदलतानाही माझं तेच. त्या गोळ्यात भीती असेल, हे इतक्या वर्षांत कधी सुचलंच नाही. त्यात सुरुवातीला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीवर असताना चिडचिड व्हायची, झोप उडायची. तेव्हापासून राग आला तरी तो गोळीचाच, असं धरून चालायची सवय लागली.

आता ताईंनी व्यायाम दिलाय. दिवसातून तीनदा दोन मिनिटं थांबायचं, जबडा, घसा, छाती, तळहात, शेवटी पोट, असं एकेक जाणवून घ्यायचं आणि वहीत लिहायचं. महिनाभर करतोय. एक गोष्ट हाती लागली. रोग खरंच उसळला होता तेव्हा दुखणं डावीकडे खाली असायचं, रात्री झोपेतून उठवायचं आणि रक्त दिसायचं. हे नवीन दुखणं बेंबीच्या वर असतं, तळहात गार पडतात, रात्री मात्र झोप लागते. (हा माझा अनुभव, यावरून कुणी स्वतःचं निदान करू नका. रक्त दिसलं तर मी वही उघडणार नाही, सरळ डॉक्टरांना फोन लावणार.)

अडचण पुढे आहे. जबड्यापासून तळहातापर्यंत ठीक जमतं, पण पोटावर लक्ष नेलं की तिथेच अडकतो. साधी गुडगुड मोठी वाटायला लागते, पाच मिनिटांत उठावं लागतं. ताई म्हणतात, पहारा देणं वेगळं आणि जाणवून घेणं वेगळं. ऐकताना समजतं, करताना मी पहाराच देत असतो. ९ वर्षं तेच तर केलं.

ज्यांना कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) आहे, त्यांनी असं काही केलंय का? सुरुवातीला त्रास वाढला का, मग कमी झाला का? पोट सोडून बाकीच्या शरीरावर लक्ष दिलं तर चालतं का? आणि वहीत "पोट" याखेरीज दुसरा शब्द लिहायला कसं शिकलात? मुलीने परवा वही पाहिली आणि विचारलं, "बाबा, रोज पोटच काहून लिहिता?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. पुन्हा त्याच रस्त्याने रामटेकला जायचंय. लहान भाऊ म्हणाला, "दादा, तू घरीच थांब, मी करतो." मला जायचंय. कन्हानचा पूल येईल तेव्हा गाडीत बसल्या बसल्या काय करता येईल, तेवढं तरी सांगा.