ब्लॅकजॅक : पानं मोजायची तर कुठल्या खुर्चीत बसावं?

एडिसनकर
मंडळी, मी न्यू जर्सीत राहतो, अधूनमधून अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक (२१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त करायचे) खेळायला जाणं होतं. बेसिक स्ट्रॅटेजी (कुठल्या हाताला काय खेळायचं त्याचा ठरलेला तक्ता) पाठ आहे, आता हाय-लो पद्धतीने पानं मोजायला लागलोय (दुर्री ते छक्की अधिक एक, दश्शी ते एक्का वजा एक, मधली तीन शून्य, येईल ती बेरीज म्हणजे काउंट). घरी जमतं पण टेबलावर गडबड होते. एक मित्र म्हणतो कायम थर्ड बेसला बस, म्हणजे अगदी शेवटच्या खुर्चीत, सगळ्यांची पानं बघून मग आपण खेळायचं. दुसरा म्हणतो तिथे बसलं की पिट बॉस (टेबलांवर लक्ष ठेवणारा कॅसिनोचा माणूस) लगेच ओळखतो. आठ डेकचा (पत्त्यांच्या आठ जोडांचा) शू, म्हणजे पानं वाटायचा डबा, असतो आणि पानं उघडी वाटतात. खुर्चीने खरंच किती फरक पडतो?

तिर्री
आठ डेकला फार नाही. मोजणाऱ्याची मुख्य कमाई काउंट बघून बेट कमीजास्त करण्यात असते आणि बेट लावायची वेळ पानं वाटायच्या आधीची, तेव्हा पहिल्या खुर्चीला जेवढं माहीत तेवढंच शेवटच्या खुर्चीला. फायदा आहे तो फक्त हिट (आणखी पान घेणं) की स्टँड (थांबणं) ठरवताना. म्हणजे बघा, तुमचे १६, डीलरचा राजा, काउंट +१. शून्य किंवा वर असेल तर स्टँड, खाली गेला तर हिट. फर्स्ट बेसवाला (पहिल्या खुर्चीतला) +१ वर स्टँड करून मोकळा. पण तुम्ही शेवटी आहात आणि तुमच्या आधीच्या लोकांनी राणी, गुलाम, सत्ती अशी पानं ओढली, काउंट झाला -१, तर तुम्ही हिट घ्याल आणि तेच बरोबर. आता असे काठावरचे डाव किती येतात ते बघा, आणि शू नुकताच सुरू झाला असेल तर दोनचार पानांनी ट्रू काउंट (काउंट भागिले उरलेले डेक) जेमतेम हलतो. शिवाय इन्शुरन्स (डीलरचं उघडं पान एक्का असताना लावायची जादा बेट), जो काउंट बघून घ्यायचा सगळ्यात मोलाचा निर्णय (ट्रू +३ पासून), तो पानं वाटून झाल्यावर कोणी हिट घ्यायच्या आधीच विचारतात, त्यात शेवटच्याला जास्तीचं काहीच दिसत नाही.

वाळवंटी
तिर्री यांचं शूपुरतं पटलं. पण लास वेगासला डबल डेक हातात धरून वाटतात, पानं पालथी असतात, तिथे गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्यांची पहिली दोन पानं कळत नाहीत, हिटची उघडी पडतात, कोणी बस्ट झाला (२१ च्या वर गेला) तर सगळी दिसतात, त्यामुळे शेवटी बसणाऱ्याला खरोखर जास्त कळतं आणि दोनच डेक असल्याने एकेका पानाला वजनही असतं. तिथे मी थर्ड बेसच धरतो.

मोजणीदार
नवीन माणसाला मी थर्ड बेसच सांगेन पण कारण वेगळं. फर्स्ट बेसला डीलरने शेवटचं पान टाकलं रे टाकलं की तुमच्याकडे बोट, तेव्हा तुमची मोजणी अजून अर्ध्यात असते. शेवटी बसलात की श्वास घ्यायला वेळ मिळतो. दुसरं म्हणजे वापरलेल्या पानांचा ट्रे डीलरच्या उजव्या हाताला, म्हणजे तुमच्या शेजारीच, किती डेक गेले ते नीट दिसतं आणि ट्रू काउंटचा भागाकार चुकत नाही. तोटा एकच, तुम्ही हिट घेतली आणि डीलरचा २१ झाला की बाकीचे तुमच्यावर खेकसतात, "डीलरचं बस्टचं पान खाल्लं". त्यात काही अर्थ नाही, पुढचं पान कुठलं ते कोणालाच माहीत नसतं, तुमच्या हिटने टेबल जितक्यांदा बुडतं तितक्यांदा वाचतंही. मनावर घेऊ नका.

एडिसनकर
धन्यवाद, हेच हवं होतं. आणि पिट बॉसचं काय?

तिर्री
ते खुर्ची बघत नाहीत हो, तुमची बेट बघतात. काउंट चढला की बेट दहापट होते हेच कॅमेऱ्यात दिसतं, मधल्या खुर्चीत बसलात तरी दिसणार. आणि तुमच्या राज्यात नुसतं मोजतो म्हणून हाकलत नाहीत, केन उस्टन या पानं मोजणाऱ्याच्या केसमध्ये १९८२ ला न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने तसं ठरवलं. मात्र मध्येच पानं पिसणं, तुमच्या बेटवर मर्यादा घालणं हे ते करू शकतात. नेवाडात सरळ दार दाखवतात.

खुर्ची निवडण्याआधी कट कार्ड (शू कुठपर्यंत वाटायचा ते दाखवणारं पान) कुठे लावतात ते बघा. आठातले दोनच डेक मागे ठेवत असतील तर बसा, तीनचार ठेवत असतील तर काउंट चढेपर्यंत शू संपतो. ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पानांतच २१ झाले तर) ३ ला २ ऐवजी ६ ला ५ देत असतील किंवा सतत पिसणारं मशीन असेल तर कुठल्याच खुर्चीत बसू नका.