मदत हवी आहे: एटीमेगा३२८पी क्रिस्टलवर टाकल्यापासून प्रतिसादच देत नाही

नमस्कार मंडळी,

घरच्या डाळिंबाला ठिबकचे तीन व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा टायमर बनवतोय. आर्डुइनो उनो या तयार बोर्डवर सगळं नीट चाललं, म्हणून त्यावर असते तीच एटीमेगा३२८पी ही चिप सुटी घेऊन ब्रेडबोर्डवर लावली. घोळ तिथून सुरू झाला.

पहिला घोळ माझा मीच सोडवला, पण दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. एक सेकंद पेटायला हवा तो एलईडी सोळा सेकंद पेटून राहायचा. नव्या चिपच्या आत ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर (चिपला ठोके देणारा भाग) असतो आणि त्याला आठाने भागणारा फ्यूज (चिपची मूळ सेटिंग) कारखान्यातूनच लावलेला येतो. म्हणजे चिप १ मेगाहर्ट्झवर आणि माझा प्रोग्रॅम १६ धरून कंपाइल केलेला. लो फ्यूज ६२ चा ई२ केला, बोर्डच्या मेनूत ८ मेगाहर्ट्झ निवडून पुन्हा चढवला, झालं काम.

तरी घड्याळ बरोबर चालेना. मोबाइलच्या स्टॉपवॉचशी ताडून पाहिलं तर सकाळी तासाला ५० सेकंद मागे, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ३०. म्हणजे दिवसाला पंधरा-वीस मिनिटं! त्या ऑसिलेटरचा वेग जुळवणाऱ्या ऑसकॅल रजिस्टरचा आकडा हलवूनही पाहिला, पण सकाळी जुळवलं की दुपारी बिघडतं. आतला ऑसिलेटर तापमानाबरोबर हलणारच.

म्हणून बाहेरून नेमके ठोके देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ९ आणि १० नंबरच्या पायांना जोडला, दोन्हीकडून ग्राउंडला २२ चे कॅपॅसिटर लावले आणि लो फ्यूज एफएफ केला. फ्यूज लिहिला गेला, पण त्यानंतर प्रोग्रॅम चढवणारं एव्हीआरड्यूड सिग्नेचर (चिपची ओळख सांगणारे आकडे) सगळी शून्यच दाखवतं. क्रिस्टल बदलला, तारा बदलल्या, दुसऱ्या चिपचंही तेच झालं. बहार धरलाय, पाण्याचा ताळमेळ चुकला तर फुलगळ होते, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. चिपा गेल्या का?

प्रतिसाद १

चिपा गेलेल्या नाहीत, दादा. एफएफ केल्यावर चिप फक्त बाहेरच्या क्लॉकची वाट बघते. तो मिळाला नाही की प्रोग्रॅमरलाही उत्तर देत नाही. म्हणजे क्रिस्टल सुरूच होत नाहीये. कॅपॅसिटरवर नेमकं काय छापलंय ते बघून सांगा. आणि २० नंबरच्या पायालाही ५ व्होल्ट दिलेत ना? ७ आणि २० दोन्हींना हवेत, ८ आणि २२ ग्राउंडला.

धागाकर्ता

२० ला दिलेत. कॅपॅसिटर पिवळसर चकत्या आहेत, वर २२३ लिहिलंय. दुकानात "२२ चे" मागितले होते.

प्रतिसाद १

सापडलं! २२३ म्हणजे २२ वर तीन शून्यं, २२,००० पिकोफॅरड. तुम्हाला हवेत त्याच्या हजारपट. एवढ्या मोठ्या कॅपॅसिटरमधून क्रिस्टलचा सिग्नल सरळ ग्राउंडला जातो, तो हलणार कसा? २२ किंवा २२० छापलेले आणा. २२० म्हणजे २२ वर एकही शून्य नाही, हे दुकानदाराला नीट सांगा, नाहीतर २२१ हातात पडेल. क्रिस्टल आणि कॅपॅसिटर चिपला अगदी चिकटून लावा, ब्रेडबोर्डवर लांब तारा नकोत.

तोवर चिप जिवंत आहे का बघायचं असेल तर एक नॅनो (आर्डुइनोचा छोटा बोर्ड) घ्या. त्याच्या टायमर १ ने ९ नंबरच्या पिनवर ८ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल काढा आणि चिपच्या ९ नंबरच्या पायाला द्या, दोघांचं ग्राउंड एक करा. चिपमध्ये प्रोग्रॅम चढवायला प्रोग्रॅमर म्हणून लावलेला उनो यासाठी वापरू नका, त्यावरचं आर्डुइनो आयएसपी स्केच (प्रोग्रॅम) ती पिन आपल्या एलईडीसाठी घेतं.

धागाकर्ता

नॅनोचा सिग्नल दिल्याबरोबर दोन्ही चिपांची सिग्नेचर १ई ९५ ०एफ आली! अक्षरशः हायसं वाटलं. आज तालुक्याला जाऊन २२० छापलेले आणले, चिप स्वतःच्या क्रिस्टलवर उठली. १६ मेगाहर्ट्झ निवडून पुन्हा कंपाइल केलं, चार तासांत स्टॉपवॉचशी फरक दिसला नाही. मनापासून आभार.

एकच राहिलं. आमच्याकडे वीज कधीही जाते आणि परत आली की घड्याळ शून्यापासून मोजतं. यावर काय करावं?

प्रतिसाद २

वेळ चिपकडे ठेवूच नका. डीएस३२३१ या वेळ राखणाऱ्या घड्याळ-चिपचं मॉड्यूल लावा. त्याचा क्रिस्टल आतच असतो, तापमानाची दुरुस्ती तो स्वतः करतो आणि वीज गेली तरी नाण्याएवढ्या सेलवर चालत राहतो. त्याची एसडीए (डेटाची तार) २७ नंबरच्या पायाला, एससीएल (क्लॉकची तार) २८ ला. व्हॉल्व्ह उघडायची वेळ त्याच्याकडून वाचा. वीज आल्यावर आधी तिन्ही व्हॉल्व्ह बंद करा, मगच वेळ बघून ठरवा.